सणाचे ताट आणि शेताचा हंगाम

कोकणपट्टीतील शेतकरी कुटुंबाचे वर्ष पंचांगाइतकेच भाताच्या पिकावरही मोजले जाते. मृगाच्या पावसावर राबात पेरणी, आषाढात लावणी, भाद्रपदात हळवे भात निसवणे, आश्विनात लोंबी पिवळी पडणे आणि कार्तिकात खळ्यावर झोडणी, असा हा क्रम आहे. या क्रमात जेथे जेथे कामाला थोडी उसंत मिळते, तेथे तेथे एखादा सण येतो. त्या सणाचा पदार्थही शेतात, परसात किंवा कणगीत त्या वेळी जे असेल त्यापासूनच करण्याची रीत होती. म्हणून कोणत्या महिन्यात कोणता पदार्थ ताटात आला हे पाहिले, तर त्या गावाची शेती कशी आहे हे बऱ्याच अंशी कळून येते.

ही रीत आज दोन बाजूंनी अडचणीत आली आहे. शहरालगतच्या गावांत शेत राहिले नाही आणि आतील गावांत वेळ राहिला नाही. दोन्ही ठिकाणी सणाचा फराळ दुकानातून येऊ लागला आहे, किंवा तो सगळा घरातील एकाच स्त्रीच्या कष्टावर उभा राहत आहे. ठाणे शहराच्या उत्तरेस असलेल्या घोडबंदर रस्त्याच्या आसपासची गावे हे याचे ठळक उदाहरण होय. तेथे काय बदलले, काय टिकले आणि त्यापासून ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी व शेतकरी कुटुंबांनी काय घ्यावे, याचा विचार येथे केला आहे.

खाडी आणि डोंगर यांच्यामधील पट्टा

घोडबंदर रस्ता ठाण्याच्या माजिवडे नाक्यापासून निघतो आणि मानपाडा, कासारवडवली, ओवळे, गायमुख यांवरून घोडबंदराकडे जाऊन मुंबई–अहमदाबाद महामार्गास मिळतो. त्याच्या एका अंगास उल्हास नदीची खाडी असून दुसऱ्या अंगास येऊरचे डोंगर आहेत. हे डोंगर आज संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात मोडतात. घोडबंदरचा पोर्तुगीजांनी बांधलेला किल्ला १७३७ साली मराठ्यांच्या ताब्यात आला. त्याच्या पायथ्याशी असलेल्या बंदरात घोड्यांचा व्यापार चाले, त्यावरून हे नाव पडले असे सांगितले जाते.

बाळकुम, कोलशेत, कावेसर, वडवली, ओवळे, मोघरपाडा, भाईंदरपाडा ही या पट्ट्यातील जुनी गावे होत. खाडीलगतच्या गावांत आगरी आणि कोळी समाजाची वस्ती होती व आजही आहे. येऊरच्या पाड्यांवर वारली, महादेव कोळी व कातकरी कुटुंबे राहतात. पाऊस वर्षाला सुमारे अडीच हजार मिलिमीटर पडतो, त्यामुळे भात हेच मुख्य पीक. खाडीकाठी बांध घालून खारे पाणी अडवावयाचे आणि पावसाच्या पाण्याने जमीन धुऊन निघाली की त्यात भात लावावयाचे, ही खार जमिनीची शेती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. भात निघाल्यावर उरलेल्या ओलीवर वाल टाकीत. डोंगरउतारावर नाचणी व वरी होई. परसात नारळ, केळ, हळद, अळू आणि काकडीचा वेल असे. सणाच्या ताटाला लागणारे जवळजवळ सर्व सामान या एवढ्या पट्ट्यात मिळत होते. बाहेरून आणावयाचा तो मुख्यतः गूळ.

पिकामागून सण

पावसाच्या आरंभी ताटात पहिले येते ते डोंगराचे देणे. जून महिन्यात येऊरच्या पाड्यांवरील स्त्रिया ठाण्याच्या बाजारात शेवळे विकावयास आणतात. शेवळ्याने घशाला खाज येते, म्हणून ती काकड नावाच्या आंबट रानफळांबरोबर शिजवावी, हे ज्ञान या भागातील प्रत्येक जुन्या घरात असते. त्यानंतर टाकळा, कुर्डू व करटोली येतात. या दिवसांत लावणीची धांदल असल्याने मोठा सण नसतो आणि तळणीचा घाटही नसतो.

लावणी आटोपली की श्रावण येतो. नागपंचमीस चिरणे व तळणे वर्ज्य मानतात, म्हणून उकडलेल्या पदार्थांना मान आहे. परसातील हळदीची पाने या वेळी हातभर झालेली असतात. त्या पानावर तांदळाच्या पिठीचा लेप देऊन, वर नारळ व गुळाचे सारण पसरून, पान दुमडून वाफवले की पातोळी तयार होते. हळदीचे पान नसेल तर केळीच्या पानात पीठ लावून तव्यावर पानगी करतात. नारळी पौर्णिमेस कोळी बांधव समुद्राला नारळ अर्पण करून पावसाळ्यात थांबविलेली मासेमारी पुन्हा सुरू करतात. घरोघरी त्या दिवशी गूळ घालून नारळीभात होतो. काकडी उतरू लागली की ती किसून, तांदळाचा रवा व गूळ घालून, जाड बुडाच्या भांड्यात खालीवर निखारे ठेवून भाजतात. यास धोंडस म्हणतात. एका भांड्यात सगळे घर व दोन शेजारी जेवावेत असा हा पदार्थ आहे.

भाद्रपदात गणपतीला उकडीचे मोदक असतात. दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचे काही खावयाचे नाही असा संकेत आहे. त्यामुळे परसात हाताने कुदळून लावलेले अळू, भेंडी, लाल माठ, भोपळा, सुरण, मक्याचे कणीस अशांची एकच मिसळ भाजी होते. लावणीच्या चिखलात राबलेल्या जनावराचे ऋण वर्षातून एक दिवस तरी ताटात आठवावे, हा त्यातील भाव आहे. शिवाय परसबाग जिवंत ठेवण्यास या एका दिवसाने फार मोठे साहाय्य केले आहे.

आश्विनात हळवे भात तयार होते. आश्विन पौर्णिमेस नवान्न पौर्णिमा म्हणतात. भाताच्या लोंब्या, नाचणीचे कणीस, आंब्याचे पान व रानफुले एकत्र बांधून त्याचे ‘नवे’ दारावर, कणगीवर व देवापुढे लावतात आणि नव्या तांदळाची खीर करून ती सर्वांनी मिळून खातात. दिवाळीत कोकणच्या घरात पहिला मान पोह्यांचा असतो. नवे भात भिजवून, भाजून, गरम असतानाच उखळात कांडून पोहे करावयाचे, आणि नरकचतुर्दशीच्या सकाळी दुधाचे, गुळाचे, ताकाचे व ओला नारळ घातलेले दडपे असे त्यांचे प्रकार करावयाचे. खळ्यावरील नवे धान्य घरात आल्याचाच हा उत्सव होय. आज दिवाळीच्या फराळात जे मैद्याचे व साखरेचे पदार्थ पुढे आले आहेत, त्यांचा या भूमीच्या पिकाशी संबंध नाही.

पौषात संक्रांतीचा तीळगूळ येतो. वालाला शेंगा धरल्या की बिरडे शिजते. फाल्गुनात शिमगा येतो. आगरी व कोळी गावांत तो दिवाळीइतक्याच उत्साहाने साजरा होतो आणि पुरणपोळीचा घाट घातला जातो. चैत्र–वैशाखात अंगणात वाळवण पडते. तांदळाच्या फेण्या, पापड, नाचणीचे सत्त्व, आंबापोळी व फणसपोळी ही पावसाळ्याची शिदोरी होय. फणस पिकला की त्याच्या रसात तांदळाचा रवा भिजवून सांदण उकडतात. येथे वर्ष पुरे होते आणि पुन्हा राब भाजून पेरणीची तयारी सुरू होते.

खाडीपलीकडे वसईच्या बाजूस ख्रिस्ती शेतकऱ्यांची मोठी वस्ती आहे. त्यांच्या नाताळच्या फराळात नेवरी असते. ती करंजीची सख्खी बहीणच होय. सारण तेच, घडी तीच, फक्त सण निराळा. सणाचे ताट शेजाऱ्याकडे पाठवावे आणि शेजाऱ्याने ते रिकामे परत करू नये, ही चाल या सर्व समाजांत आहे. ईदचा शीरखुर्मा, नाताळची नेवरी व दिवाळीची करंजी या पट्ट्यात एकमेकांच्या घरी जात आल्या आहेत.

शेत गेले, रीत राहिली

१९८२ साली ठाणे महानगरपालिका स्थापन झाली आणि या रस्त्यावरील बहुतेक गावे शहराच्या हद्दीत आली. घोडबंदराकडील गावे मिरा-भाईंदरकडे राहिली, तेथे २००२ साली महानगरपालिका झाली. त्यानंतरच्या काळात भाताच्या खाचरांच्या जागी निवासी संकुले उभी राहिली. वडाळ्याहून कासारवडवलीकडे व पुढे गायमुखाकडे जाणारा मेट्रोचा मार्ग या रस्त्यावरूनच नेण्यात आला. गावठाणे मात्र जागेवरच आहेत. उंच इमारतींच्या मधोमध कौलारू घर, तुळशीवृंदावन व अंगणातील वाळवण हे दृश्य येथे अजून आढळते.

शेत गेल्यावर या घरांच्या फराळात तीन बदल झाले. पहिला, तांदूळ विकत आला. पूर्वी मोदकासाठी वासाचा तांदूळ, पोह्यांसाठी जाड भात व भाकरीसाठी आणखी निराळा, असे वाण ठेवीत. विकतच्या पिठाच्या पुडीला वाण नसतो. दुसरा बदल असा की पदार्थांची संख्या वाढली. शेतात जे असेल ते करावे ही मर्यादा सुटल्याने आठ-दहा जिन्नस झालेच पाहिजेत असा हव्यास सुरू झाला, आणि साखर, मैदा व वनस्पती तुपावरील खर्च वाढला. तिसरा बदल सर्वांत गंभीर आहे. पूर्वी कांडण, दळण व तळण यांस वाड्यातील चार घरच्या स्त्रिया एकत्र येत. आज हे काम एकटी गृहिणी करते. अनेक घरांत ती नोकरी सांभाळून रात्री करते.

आतील तालुक्यांतही स्थिती फार वेगळी नाही. शहापूर, मुरबाड, भिवंडी व वाडा या भागांत आजही भात पिकतो. परंतु तेथे दिवाळी आणि भाताची कापणी एकाच वेळी येते. दिवसभर शेतात वाकून कापणी करणारी स्त्री संध्याकाळी चुलीपुढे बसून चार-पाच तास तळण करते. सणाचा आनंद घरातील ज्या व्यक्तीच्या हातून निर्माण होतो, तिच्याच वाट्याला तो सर्वांत कमी येतो. म्हणून फराळाचा विचार करताना पदार्थ, त्याची शुद्धता आणि तो करणाऱ्या हातांचे श्रम या तिन्हींचा विचार एकत्र केला पाहिजे.

तांदळाचे पदार्थ: काही अनुभवसिद्ध सूचना

पिठी. तांदूळ दोन-तीन पाण्यांनी धुऊन, निथळून, सावलीत स्वच्छ कापडावर पूर्ण वाळवावा व मग बारीक दळावा. धुतलेल्या तांदळाची पिठी मऊ होते व उकडीला चिरा पडत नाहीत. हातसडीच्या तांदळावर कोंड्याचा अंश राहतो. तो पौष्टिक खरा, परंतु कोंड्यात तेल असल्यामुळे अशी पिठी लवकर खवट होते. ती थोडीथोडीच दळावी. पांढऱ्या तांदळाची पिठी अधिक दिवस टिकते.

उकड. एक वाटी पिठीस साधारण एक वाटी पाणी घ्यावे. पाण्यात चिमूटभर मीठ व चमचाभर तूप घालून उकळी आल्यावर पिठी घालावी, ढवळून झाकण ठेवावे, एक वाफ आणावी व गरम असतानाच मळावी. नव्या तांदळाला पाणी थोडे कमी व जुन्याला थोडे अधिक लागते. सारणासाठी दोन वाट्या ओल्या नारळास एक वाटी गूळ पुरतो. ओल्या नारळाचे पदार्थ त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी संपवावेत.

अनारसे. तांदूळ तीन दिवस भिजत घालावा व रोज पाणी बदलावे. चौथ्या दिवशी निथळून कापडावर पसरावा. हाताला किंचित ओल लागेल इतपत सुकला की कांडून चाळावा. पिठाच्या वजनाच्या पाऊणपट ते तितकाच किसलेला गूळ व थोडे तूप घालून गोळा करावा आणि डब्यात तीन-चार दिवस मुरू द्यावा. खसखशीवर थापून मंद आचेवर, खसखशीची बाजू वर ठेवून, न उलटता तळावा. तुपात अनारसा हसला, म्हणजे विस्कटला, तर गूळ अधिक झाला असे समजून त्यात थोडे तांदळाचे पीठ मिसळावे. हे पीठ आगाऊ करून ठेवता येते, म्हणून कापणीच्या दिवसांत हा पदार्थ विशेष सोईचा आहे.

भाजणी. चकलीसाठी तांदूळ चार भाग, हरभरा डाळ दोन भाग, उडीद डाळ एक भाग व मूग डाळ अर्धा भाग हे सर्वसाधारण प्रमाण होय. त्यात थोडे पोहे, धने व जिरे घालावे. प्रत्येक जिन्नस वेगवेगळा भाजावा, कारण प्रत्येकास लागणारा वेळ सारखा नसतो. मोहन जास्त झाल्यास चकली तेलात विरघळते. तेल पुरेसे तापलेले नसेल तर ती तेल पिते. आच फार मोठी असेल तर बाहेरून लाल होऊन आत मऊ राहते. हे तीन दोष ध्यानात ठेवले म्हणजे सामानाची नासाडी टळते.

नाचणी. १०० ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. तांदळाच्या मानाने हे कितीतरी पट अधिक आहे. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रसंघाने भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले, त्यानंतर शहरातही नाचणीला मागणी आली आहे. भाजलेल्या नाचणीच्या पिठाचे गूळ व तूप घातलेले लाडू मुलांना व बाळंतिणीस हितकर असून ते तळावे लागत नाहीत.

पदार्थ का बिघडतात

फराळाचे शत्रू चार आहेत: ओल, हवा, उजेड आणि उष्णता. तळलेला पदार्थ गरम असताना डब्यात भरला तर त्याची वाफ आतच थिजते आणि पदार्थ मऊ पडतो. तो पूर्ण निवल्यावर घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात भरावा. तेलातील स्निग्धांशाचा हवेशी संयोग होऊन खवटपणा येतो. म्हणून मोठ्या डब्यात तळाशी थोडासा पदार्थ ठेवू नये, लहान डब्यात काढावा. डब्यात ओला हात घालू नये.

एकदा तळलेले तेल पुनःपुन्हा तापविणे ही सर्वत्र आढळणारी चूक आहे. वारंवार तापविल्याने तेलात अपायकारक घटक वाढत जातात. या घटकांचे प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेलेले तेल वापरू नये, असा नियम भारतात २०१८ च्या जुलैपासून लागू झाला आहे. घरात मोजण्याचे साधन नसते. तेव्हा तेल काळसर झाले, चिकट झाले, फेसाळू लागले किंवा पूर्वीपेक्षा लवकर धूर देऊ लागले, तर ते टाकण्यायोग्य झाले असे समजावे. उरलेले तेल गाळून ठेवावे, भाजी-आमटीस लौकर संपवावे आणि नव्या तेलात मिसळू नये.

तळलेले पदार्थ वर्तमानपत्राच्या कागदावर काढू नयेत. छपाईची शाई अन्नात उतरते. बुरशी आलेले शेंगदाणे व खोबरे निवडून वापरण्याचा मोह टाळावा. काही बुरशींचे विष तळण्या-भाजण्याने जात नाही. असे जिन्नस माणसालाही नकोत व जनावरालाही नकोत. खोबरे व शेंगदाणे आरंभीच कडकडीत वाळवून कोरड्या जागी ठेवणे हाच त्यावर उपाय आहे. भाताच्या बाबतीतही हेच लागू पडते. साठवणीच्या भातात ओलावा १४ टक्क्यांच्या वर राहू देऊ नये.

श्रमाची वाटणी

फराळ दोन दिवसांत उरकण्याऐवजी तो दहा-बारा दिवसांवर पसरावा. अनारशाचे पीठ व भाजणी प्रथम करावी. त्यानंतर लाडू व शंकरपाळे, मग चकल्या, आणि शेवटी करंज्या व चिवडा असा क्रम ठेवला तर प्रत्येक पदार्थ सणाला ताजा राहतो आणि कोणत्याही एका रात्री फार काम पडत नाही. जिन्नस आठ करण्याऐवजी चार करावेत व त्यांतील दोन तरी घरच्या पिकाचे असावेत.

दळण आणणे, नारळ सोलणे व खवणे, गूळ चिरणे, चुलीला सरपण किंवा शेगडीला गॅस पाहणे, तळणीला बसणे, डबे धुऊन उन्हात वाळविणे ही कामे पुरुषांनी व मोठ्या मुलांनी करण्यास काहीच हरकत नाही. करंजी कातण्याचे काम लहान मुले आनंदाने करतात. कापणीच्या हंगामात तर पुरुषांनी हा भार उचललाच पाहिजे, कारण शेतातील कष्ट स्त्री व पुरुष दोघेही बरोबरीने करतात. ज्या घरात आजी आहे, त्या घरात पोह्यांचे भात किती भिजवावे, उकड केव्हा झाली हे कसे ओळखावे, हे तिला विचारून एका वहीत उतरवून ठेवावे. शहरालगतच्या गावठाणांत ही माहिती असलेली पिढी आता थोडीच उरली आहे.

वाटप आणि विक्री

घोडबंदर रस्त्यावरील संकुलांत देशाच्या सर्व भागांतून आलेली कुटुंबे राहतात. त्यांना गणपतीत हळदीची पाने, मोदकाची पिठी व केळीची पाने हवी असतात, दसऱ्याला लोंब्या व झेंडू हवे असतात आणि दिवाळीत चांगले पोहे व घरगुती फराळ हवा असतो. यांपैकी बहुतेक वस्तू खाडीपलीकडच्या भिवंडी तालुक्यापासून शहापूर-मुरबाडपर्यंतच्या शेतकऱ्याच्या शेतात व परसात आहेत. गावठाणातील स्त्रियांकडे करण्याची रीत आहे, आतील गावांकडे कच्चा माल आहे आणि संकुलांकडे मागणी आहे. या तिघांची गाठ घालून देणे हे काम बचत गटांना साधण्यासारखे आहे.

तांदळाच्या वाणाला नाव असेल तर त्याच्या पिठीलाही भाव येतो. वाड्याच्या कोलम तांदळाला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले. खार जमिनीसाठी पनवेलच्या संशोधन केंद्राने निवडलेले वाण आणि १९१९ पासून चालू असलेल्या कर्जतच्या भात संशोधन केंद्राचे वाण यांतून आपल्या जमिनीस व घरगुती वापरास योग्य तो वाण निवडावा. पोह्यांसाठी, भाकरीसाठी व मोदकासाठी निरनिराळा तांदूळ लागतो हे लक्षात घेऊन एखादा वाफा तरी वासाच्या स्थानिक भातासाठी राखावा.

विक्री करावयाची तर हिशेब प्रामाणिक असला पाहिजे. तांदूळ, डाळ, तेल, गूळ, इंधन, वेष्टन व वाहतूक हे सारे खर्च मांडले जातात, पण स्वतःची मजुरी मांडली जात नाही. त्यामुळे नफा झाल्यासारखा वाटतो आणि प्रत्यक्षात स्त्रीचे श्रम फुकट जातात. घरचा तांदूळही बाजारभावाने धरावा. एवढे धरूनही जे उरेल तोच खरा नफा. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ अन्वये छोट्या उत्पादकासही नोंदणी आवश्यक आहे. तिची मर्यादा व शुल्क वेळोवेळी बदलत असल्याने चालू नियम अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात विचारून घ्यावेत. पुडीवर पदार्थाचे नाव, घटक, वजन, तयार केल्याची तारीख व किती दिवसांत वापरावा हे लिहिलेले असावे.

सहकाराचे एक उदाहरण या कामी मार्गदर्शक आहे. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईच्या गिरगावात सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन एका इमारतीच्या गच्चीवर पापड लाटण्यास आरंभ केला. तीच आजची श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड ही संस्था. तेथे काम करणारी प्रत्येक स्त्री संस्थेची भागीदार असते व नफा-नुकसान सर्वांचे असते. एकाच पदार्थावर लक्ष ठेवणे, त्याचा दर्जा एकसारखा राखणे आणि श्रमाचा मोबदला वेळेवर देणे, या तीन गोष्टी लहानशा गटालाही पाळता येतात.

कार्यकर्त्यांसाठी

२ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकासाचा कार्यक्रम देशात सुरू झाला, तेव्हापासून शेतीबरोबर घराचाही विचार करणे हे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांचे काम मानले गेले आहे. त्यांनी आपल्या गावासाठी हंगाम व सण यांचा एक तक्ता तयार करावा. त्यात महिना, शेतातील काम, उपलब्ध जिन्नस, सण व पदार्थ असे पाच रकाने असावेत. हा तक्ता शाळेतील मुलांकडून घरोघरी विचारून भरून घेतला तर मुलांना गावाचे पीक कळेल व वडीलधाऱ्यांना सांगण्याची संधी मिळेल. श्रावणाच्या आरंभी हळदीच्या पानांची व पिठीची मागणी नोंदवून घ्यावी. नवरात्रापूर्वी भाजणी व अनारसे यांचे प्रात्यक्षिक ठेवावे आणि त्यास पुरुषांनाही आवर्जून बोलवावे. तेलाची पारख, डब्यांची स्वच्छता व हिशेबाची वही हे विषय त्याच वेळी समजावून द्यावेत.

ज्यांच्याजवळ शेत राहिले नाही, त्यांनी अंगणात किंवा गच्चीवर कुंडीत चार हळदीचे गड्डे लावावेत. पावसाच्या आरंभी लावलेल्या गड्ड्यांची पाने गणपतीपर्यंत पातोळ्यांना पुरेशी मोठी होतात. ज्यांच्याजवळ शेत आहे, त्यांनी येत्या नवान्न पौर्णिमेस नव्या भातातील दोन पायली पोह्यांसाठी बाजूला काढून ठेवावीत. घरातील सर्वांनी मिळून ती कांडावीत आणि पोह्यांची पहिली वाटी शेजारच्या घरी पाठवावी.